टीटी घ्यायला आलात तर टीडीचं पण विचारा

खिळा टोचला, पत्रा लागला की लोक आमच्या औषधाच्या दुकानात येऊन म्हणतात एक टीटी (धनुर्वाताची लस) द्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत असेल ते आम्ही देतोच, पण टीडीबद्दल त्यांना एकदा विचारा असंही सांगतो, कारण टीडीत धनुर्वातासोबत घटसर्पाची लस पण असते, आणि सरकारी लसीकरणात सुद्धा आता टीटीऐवजी टीडीच देतात. घटसर्प फक्त पोरांना होतो हा समज चुकीचा आहे, लहानपणच्या डोसचा जोर हळूहळू उतरतो म्हणून मोठ्यांना दर १० वर्षांनी बूस्टर लागतो.

घटसर्पाचा जंतू घशात करडा पापुद्रा धरतो, पण हृदय आणि नसा बिघडवतं ते त्याचं विष, आणि हे विष म्हणजे चक्क एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं प्रोटीन आहे. आपल्या पेशीत रायबोसोम अमिनो आम्लं एकेक करून जोडत प्रोटीन बनवतो, एक जोडलं की रायबोसोमला पुढच्या पावलावर सरकवायचं काम ईएफ-२ नावाचं प्रोटीन करतं. विष पेशीतल्याच एनएडी नावाच्या रेणूचा तुकडा तोडून ईएफ-२ वर एका ठराविक जागी चिकटवतं की झालं, ईएफ-२ निकामी, रायबोसोम जागच्या जागी अडकतो, नवीन प्रोटीन बंद, पेशी मरते. एन्झाइम असल्यामुळे ते स्वतः खर्ची पडत नाही, एक बिघडवलं की दुसऱ्याकडे वळतं. १९७८ च्या एका प्रयोगात दिसलं की विषाच्या हे काम करणाऱ्या भागाचा एक रेणू आत गेला तरी पेशी मारायला पुरतो!

अँटिटॉक्सिन (विषावरचं औषध) पेशीबाहेरचंच विष पकडतं, आत शिरलेल्यावर त्याचा इलाज चालत नाही, अँटिबायोटिक जंतू मारतं पण सुटलेलं विष तसंच राहतं. म्हणून घशात पापुद्रा, मान सुजलेली, ताप असं दिसलं तर कृपा करून आमच्याकडे गोळ्या मागत बसू नका, सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात जा.

लसीत हेच विष फॉर्मेलिनने निकामी केलेलं असतं, शरीर ते ओळखायला शिकतं.

मुलांचे डोस (६, १०, १४ आठवडे, मग दीड वर्षाच्या आसपास, ५-६ वर्षं, १० आणि १६ वर्षं) आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, त्यासाठी पैसे घालू नका. मोठ्यांची लस आमच्याकडून नेताना आइस पॅकचा डबा मागून घ्या, २ ते ८ डिग्रीतच राहायला हवी, पण बर्फाला थेट चिकटवू नका आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको, एकदा गोठली की फुकट गेली.