फराळाचे ताट (कोकण)

फराळाचे ताट : सणासाठी घरी केलेले गोड व तिखटमिठाचे जिन्नस ताटात मांडून शेजारी, सोयरे आणि गावकरी यांच्या घरी पोचवण्याची प्रथा. ती महाराष्ट्रात सगळीकडे आहे. ही नोंद पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीबद्दल आणि लागूनच्या गोव्याबद्दल आहे. ‘फराळ’ हा शब्द संस्कृत ‘फलाहार’वरून आला. उपवासाला खायचे पदार्थ हा त्याचा जुना अर्थ अजून वापरात आहे. मात्र दिवाळीचा फराळ म्हटला की लाडू, करंज्या, चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे आणि चिवडा डोळ्यांपुढे येतात. दक्षिण कोकणात त्यांच्या जोडीला गुळाच्या पाकातले शेवेचे कडक लाडू असतात.

फराळ किती करायचा हे घरातल्या खाणाऱ्या तोंडांवर ठरत नाही. वाडीत घरे किती, लेकी कुठे दिल्या आहेत, मुंबईहून कोण येणार आणि जाताना त्यांच्यासोबत काय द्यायचे, यावर डब्यांची संख्या ठरते. चार माणसांच्या घरात शंभर-दीडशे करंज्या होतात त्या याच हिशेबाने. म्हणून करंज्या एकटीने कोणी करत नाही. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे अशा पाळ्या लागतात. एक जण पाऱ्या लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी कातणाने कड कापते किंवा बोटांनी मुरड घालते. लाटलेल्या पाऱ्या सुकू नयेत म्हणून त्यांवर ओलसर फडके टाकलेले असते आणि कढईपाशी मात्र घरातली सर्वांत सरावाची बाई बसते. देणेघेणे खरे तर इथेच सुरू झालेले असते. ताटातल्या करंजीवर देणाऱ्या घराइतकाच शेजारणींचाही हात फिरलेला असतो.

ताटात प्रत्येक जिन्नस थोडा थोडा मांडतात आणि त्यावर विणलेला रुमाल घालतात. ते बहुधा घरातली मुले पोचवतात. घेणाऱ्या घराने ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हा या प्रथेचा कणा आहे. त्यांचा फराळ तयार असेल तर तो त्याच ताटात भरून येतो. नसेल तर साखर, तांदूळ, परसातले नारळ किंवा चार सुपाऱ्या ठेवतात. अगदीच काही हाताशी नसले तरी चिमूटभर साखर घातल्याशिवाय ताट उंबऱ्याबाहेर जात नाही. यामुळे देणारे घर आणि घेणारे घर असा भेद उरत नाही, आणि गरिबाघरी गेलेले ताटही उपकाराचे ठरत नाही. हे शहाणपण ज्यांनी रूढ केले त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत, पण प्रस्तुत लेखकाला या प्रथेतले सर्वांत मोलाचे तेच वाटते.

याच नियमाची दुसरी बाजू दुःखाच्या वर्षी दिसते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे तिथे सणाची कढई चढत नाही. अशा घरी नातेवाईक आणि शेजारी आपणहून फराळ नेऊन देतात. त्या वर्षी परत येणाऱ्या ताटाकडे कोणी पाहत नाही. माणूस गेलेल्या घरातल्या लहान मुलांना दिवाळीला करंजी मिळते ती शेजारच्या हातची. गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या ख्रिस्ती घरांतही दुखवट्याच्या वर्षी नाताळचे गोड करत नाहीत, आणि तिथेही ते शेजारून येते. धर्म वेगळे, पण दुखवट्याच्या घरी वागण्याची रीत एक.

कोकणचा फराळ हवेने घडवला आहे. किनाऱ्यावरची हवा दमट. गूळ ओलावा ओढतो, चकली दोन दिवसांत मऊ पडते, खोबऱ्याला खवट वास लवकर येतो. त्यामुळे कोणता पदार्थ कोणत्या सणाला आणि किती लांब धाडायचा याचे गणित पक्के बसले आहे. गणपतीच्या करंज्यांत ओला नारळ आणि गूळ असतो; त्या ताज्या खायच्या आणि फार तर पलीकडच्या वाडीपर्यंत न्यायच्या. दिवाळीच्या करंज्यांत भाजलेले सुके खोबरे, खसखस आणि पिठीसाखर असते, कारण त्यांना मुंबई गाठायची असते. रव्याच्या लाडवात ओले खोबरे घातले तर चव वाढते पण आयुष्य घटते, म्हणून अशा लाडवांचा डबा वेगळा असतो आणि तो आधी संपवतात. तळलेले जिन्नस पूर्ण निवल्यावरच पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. कोमट असताना झाकण लावले की वाफेचे पाणी होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

अनारसा हा या सर्वांत मानाचा आणि सर्वांत लहरी. जुना तांदूळ तीन दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात. या मुदतीत तो हलका आंबतो. मग उपसून सावलीत कापडावर पसरतात आणि पुरता वाळायच्या आत, हाताला दमट लागत असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळतात. त्यात जवळजवळ तितकाच किसलेला गूळ आणि थोडे तूप मळून गोळे डब्यात चार-पाच दिवस तरी मुरवतात. हे पीठ चांगले टिकते, म्हणून पुष्कळ घरांत ते दिवाळीच्या बरेच आधी तयार असते. गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायची, उलटायची नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. जाळी पडली की काढून चाळणीत उभा ठेवून निथळायचा. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात पसरून फुटतो. त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात, आणि तो हसला की करणारीच्या डोळ्यांत पाणी येते. हसणाऱ्या पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून ते सावरता येते. अधिक महिन्यात लेक-जावयाला दिल्या जाणाऱ्या वाणातही अनारसेच असतात, तेही मोजून 33, आणि त्यांवर दिवा ठेवलेला.

देशावर भेटीच्या गोडाचा मुख्य सण दिवाळी. कोकणात मात्र गणपतीचे महत्त्व त्याहून मोठे. चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेले गावकरी, गावी येतात ते तेव्हा, आणि घरोघरच्या आरत्यांसोबत प्रसाद व खिरापत हातोहात फिरते. गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या सुनेचा ओवसा असतो. ती फळे, भाज्या, सुका मेवा आणि गोड यांनी भरलेली सुपे गौरीपुढे ओवसून सासरच्या वडीलधाऱ्यांना देते. ज्यांना सूप मिळते ते तिला साडी, पैसे किंवा दागिना देतात. ताटाच्या जागी सूप आले, पण रिकाम्या हाताने न परतवण्याचा नियम तोच आहे.

दक्षिण कोकणात नरक चतुर्दशीला ‘चावदिस’ म्हणतात. पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट हे कडू रानफळ फोडले की घरोघर पोहे. हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात नुकतेच कापलेले असते आणि पोहे त्याचेच असावेत अशी अपेक्षा असते. गूळखोबऱ्याचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे असे कितीतरी प्रकार होतात आणि बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ असते. इथे ताट घराबाहेर जात नाही. माणसेच एका खळ्यातून (घरापुढच्या अंगणातून) दुसऱ्या खळ्यात जातात आणि प्रत्येक घरी दोन घास तरी खातात. सकाळी अकरापर्यंत पाच घरचे पोहे पोटात गेलेले असतात आणि सहाव्या घरी नाही म्हणणे शक्य नसते.

वसईवर 1534 ते 1739 या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या प्रदेशात आणि गोव्यात नाताळच्या गोडाची स्वतंत्र परंपरा वाढली. गोवा, मंगळूर आणि मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती घरांत या पदार्थांना मिळून ‘कुसवार’ म्हणतात. गोव्यात शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या ताटाला ‘कोन्सुआद’ असे नाव आहे. मैद्याच्या गोळ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून शिंपल्यासारख्या वळलेल्या कुलकुल्या, तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तास न् तास घोटून केलेला दोदोल, बदामाच्या जागी काजू घालून केलेले मार्झिपान आणि थरावर थर भाजून केलेली बेबिंका ही त्यांतली ठळक नावे. नेवऱ्या मात्र थेट दिवाळीच्या करंजीच्या कुळातल्या. दोदोलची कढई ढवळायला दोन-तीन माणसांचे खांदे लागतात, म्हणून इथेही शेजार कामाला येतो. दिवाळीला जे ताट हिंदू घरातून गेले ते नाताळला कुलकुल्या घेऊन परतते. रत्नागिरी-रायगडच्या गावांत ईदचा शीरखुर्मा असाच डब्यातून शेजारी पोचतो.

भेट सणाला बांधलेली असतेच असे नाही. मे महिन्यात चाकरमानी परतताना पिशवीत आंबापोळी, फणसपोळी, आमसुले आणि काजूगर येतात. उन्हात थरावर थर वाळवलेल्या या पोळ्या वर्षभर टिकतात, आणि पावसाळ्यात मुंबईच्या खोलीत त्यांचा डबा उघडला की अख्खे गाव आठवते. जत्रेहून परतताना शेजाऱ्यांसाठी खाजे आणण्याची रीतही आहे. गुळाआल्यात घोळवलेल्या या बेसनाच्या कांड्या बहुतेक जण विकतच घेतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर या पिशव्यांचे वजन वाढले. त्याआधी एसटीच्या टपावर डबा चेपण्याची धास्ती असे.

आता बचत गटांकडून किलोवर फराळ मिळतो आणि कुरियरने तो परदेशीही जातो. नोकरी करणाऱ्या बाईवर सगळ्या कढईचा भार टाकणे न्याय्य नाही, आणि बचत गटातल्या बाईलाही तिच्या हाताचे मोल मिळते. राज्य शासनाने 2022 च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर 100 रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल असा संच दिला, तोही फराळ घरी व्हावा या हिशेबाने. मोठा बदल भांड्यात झाला आहे. पातळ प्लास्टिकचे डबे परत करायचे नसतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर परतीची साखरही थांबली. ज्या घरांत अजून स्टीलची ताटे आणि डबे जातात, त्यांच्यावर घरधनिणीचे नाव मशीनने कोरलेले असते. तुळशीच्या लग्नापर्यंत ती भांडी एकेक करून आपापल्या घरी परततात, तळाशी काहीतरी घेऊन.