दीड इंचाचं छप्पर

घर बांधताना ठेकेदाराला आपला पहिला प्रश्न असतो, "स्लॅब किती इंची?" पाच म्हणाला की जरा धाकधूक, सहा म्हणाला की बरं वाटतं. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागात १९५८ साली एक रेस्टॉरंट उभं राहिलं. काँक्रीटचं छप्पर सुमारे ४२ मीटर रुंद, आणि जाडी? ४ सेंटिमीटर. जेमतेम दीड इंच!

ते रचणारा फेलिक्स कांदेला मूळचा माद्रिदचा, जन्म १९१०. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला. पराभवानंतर फ्रान्समधल्या छावणीत अडकला आणि १९३९मध्ये निर्वासित म्हणून मेक्सिकोत पोचला. १९५१मध्ये तिथल्या विद्यापीठात विश्वकिरण (अवकाशातून येणारे किरण) मोजण्यासाठी एक दालन हवं होतं. किरण आत यायचे तर छप्पर पातळच हवं. कांदेलाने ते माथ्यावर दीड सेंटिमीटरचं केलं.

हे टिकतं कसं? नवारीची बाज घ्या. समोरासमोरचे दोन कोपरे वर उचला, उरलेले दोन खालीच ठेवा. चौकट पिळवटेल, पण नवारीची प्रत्येक पट्टी सरळच राहील. सगळ्या पट्ट्या मिळून मात्र खोगिरासारखा वक्र पृष्ठभाग तयार होतो. याचं नाव हायपरबोलिक पॅराबोलॉइड. कोणत्याही बिंदूची उंची म्हणजे क्ष गुणिले य गुणिले एक स्थिरांक. क्ष कायम धरला की उरते ती सरळ रेषा.

आता वजन. उंच कोपऱ्यापासून समोरच्या उंच कोपऱ्यापर्यंत हा पृष्ठभाग वाळत घातलेल्या दोरीसारखा झोळ खातो, तिथे ताण. खालच्या दोन कोपऱ्यांमध्ये तो कमानीसारखा फुगतो, तिथे दाब. भार दोघांत वाटला जातो आणि वाकण्याचं काम जवळपास उरतच नाही. सपाट स्लॅबला जाडी लागते ती मुख्यतः वाकू नये म्हणून. (अंड्याच्या कवचाची उपमा इथे नको. अंडं सगळीकडे एकाच बाजूला फुगलेलं असतं, त्यावर सरळ फळी कुठेच बसत नाही.)

त्या फळीतच कांदेलाची खरी हुशारी. छप्पर वक्र, पण सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्या सरळ! सोचिमिल्कोचं छप्पर म्हणजे एकमेकांना छेदणारी अशी चार खोगिरं, आठ पाकळ्यांचं फूल. घराचा उतार कुठल्या दिशेला यावर बरकत ठरवणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी आठ दिशांना उघडलेल्या या छपराचं काय करायचं, ते त्यांनी ठरवावं.

अशी छपरं पुढे कमी झाली, पण दोष भूमितीचा नव्हता. मेक्सिकोत मजुरी वाढली, आणि एवढ्या फळ्या ठोकणारे सुतार परवडेनासे झाले.