घाटाचा राजा

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत चढाचा माथा सर्वांत आधी गाठणाऱ्या स्वाराचा किताब. पुणेकरांना तो मुंबई–पुणे शर्यतीमुळे परिचित आहे. खोपोलीला बोरघाट लागतो आणि शिंग्रोबाच्या देवळावरून रस्ता साधारण ५०० मीटर चढून खंडाळ्याला निघतो. घाट एकच, त्यामुळे हिशेब सरळ: जो आधी वर, तो राजा. शर्यत मात्र दुसराच जिंकू शकतो. खंडाळ्यापासून पुणे साठेक किलोमीटर उरते आणि एकट्याने वारा कापणाऱ्याला आळीपाळीने पुढे येणारा जथा गाठतो.

टूर द फ्रान्स या अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीत हा मान १९३३ पासून मोजला जातो. पहिला मानकरी स्पेनचा व्हिसेंते त्रुएबा. तो माथ्यावर पहिला असे, पण उतारावर कच्चा. एकूण क्रमवारीत सहावा आला. या मानाची पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ साली आली. इथे चढ अनेक, त्यामुळे माथ्यांवर मिळालेल्या गुणांची बेरीज धरतात. चढांच्या श्रेणी पाच: सर्वांत सोप्या चौथीपासून पहिलीपर्यंत आणि त्यांच्यावर ‘श्रेणीबाहेरचा’. चौथ्या श्रेणीच्या माथ्यावर १ गुण, पहिल्या श्रेणीच्या १०, श्रेणीबाहेरच्या २०. गोम इथेच आहे. एकूण क्रमवारीत मागे पडलेल्याला आघाडीचे स्वार खुशाल पुढे सोडतात आणि तो वाटेतले माथे वेचत गुण जमवतो. त्यामुळे ठिपक्यांची जर्सी घालणारा सर्वोत्तम चढणारा असतोच असे नाही. रिशार व्हिराँकने ती विक्रमी ७ वेळा जिंकली, टूर एकदाही नाही. ६ वेळा जिंकणाऱ्या फेदेरिको बाहामोंतेस (१९५९) आणि ल्युसिएँ व्हान इम्पे (१९७६) यांनी टूरही मारली. माथ्यावर थांबून आइस्क्रीम खाल्ल्याचा बाहामोंतेसचा किस्सा प्रसिद्ध आहे. चाक बिघडले होते आणि संघाची गाडी मागे होती, हा भाग सांगणारे बहुधा गाळतात.

चढावर खरा शत्रू वजन. स्वार आणि सायकल मिळून ७८ किलो धरले, तर ७ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटर राखायला निव्वळ उंची गाठण्यासाठीच सुमारे २२५ वॅट लागतात. दर जादा किलोमागे जवळपास ३ वॅट. पुढचे दातेरी चक्र ३४ दाती आणि मागचे २८ दाती असेल, तर पेडलच्या मिनिटाला ८० फेऱ्यांत ताशी १२ किलोमीटर पडतात. मागे २३ दातीच असेल, तर त्याच वेगाला फेऱ्या ६५ वर येतात आणि गुडघे बोलू लागतात.

दिवे घाट, जुना कात्रज घाट आणि सिंहगड हे पुण्याच्या स्वारांचे सरावाचे चढ (दिवे घाट अर्थातच पालखीचा दिवस सोडून). नवख्याची चूक ठरलेली: पहिल्याच किलोमीटरला दम संपवणे. दुसरी, चढ अंगावर आल्यावर पूर्ण जोर देत पुढची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) बदलणे. ताणलेली चेन आत उतरून पडते. गिअर वळणाआधीच, पाय क्षणभर हलका करून बदलावा. उतरताना रिम-ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे) सतत दाबून धरले, तर रिम तापून ट्यूब फुटू शकते आणि कार्बन रिम मऊ पडते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ दाबावेत आणि सोडावेत.