माळावरचा जिवंत पापुद्रा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यातल्या माळावर वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी गवताच्या ठोंबांमधली मोकळी जमीन वाकून बघावी. काल करडी दिसणारी माती जागोजागी काळपट-हिरवी झालेली असते. हा मातीवरचा जिवंत पापुद्रा. नीलहरित शैवाल, बुरशी, कुठे शेवाळ (मॉस), कुठे दगडफुलाच्या जातीचं काही, अशी ही जेमतेम काही मिलिमीटर जाडीची वसाहत. खानापूरच्या जंगलातून पूर्वेला येताना पाऊस घटत जातो, झाडोरा विरळ होतो, आणि उघडी जमीन राखायचं काम या पापुद्र्याकडे येतं. पृथ्वीच्या भूभागापैकी सुमारे १२ टक्के जागा अशा पापुद्र्यांनी व्यापली आहे.

मायक्रोकोलिअससारख्या शैवालाचे तंतू चिकट स्राव सोडतात, त्यात मातीचे कण बांधले जातात. मग वारा ती उडवत नाही, पहिली सर ती वाहून नेत नाही. नॉस्टॉकसारखी शैवालं तर हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, तोही कसलंही खत न घालता.

उन्हाळ्यात हे जीव सुकून निपचित पडतात. तेवढ्याने ते मरत नाहीत. त्यांना मारते ती अर्धवट ओल. भिजल्याबरोबर साठवलेलं अन्न पेशींच्या दुरुस्तीत खर्च होतं, नवं अन्न त्यानंतर तयार होतं. त्याआधीच माती वाळली तर खर्च तेवढा झाला, मिळकत शून्य. पहिल्या पावसावर पेरावं, पुढे उघडीप पडावी आणि दुबार पेरणीची वेळ यावी, तसंच हे. अमेरिकेतल्या युटामध्ये संशोधकांनी उन्हाळ्यात वरचेवर जेमतेम १.२ मिलिमीटर पाणी शिंपडून पाहिलं, तर शेवाळ झपाट्याने मेलं. म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस मोजून भागत नाही, तो कसा पडतो हेही पाहावं लागतं. तापमान वाढलं की ओल आणखी लवकर उडते.

तिथला पाऊस वेगळा, आपला मोसमी. त्यामुळे ते आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण भिजण्या-वाळण्याचा हिशोब दोन्हीकडे एकच आहे. हवामानबदल आणि जमिनीचा वाढता वापर मिळून साधारण ६५ वर्षांत जगातले २५ ते ४० टक्के पापुद्रे नाहीसे होतील, असा २०१८ मधला अंदाज आहे.

माळ म्हणजे पड जमीन, असं समजून आपण तिथला मुरूम उपसतो, गाड्या फिरवतो. युटामधल्याच दहा वर्षांच्या प्रयोगात तुडवण्याचा आणि तापमानवाढीचा परिणाम जवळपास सारखाच निघाला: शेवाळ आणि दगडफूल गेलं, नुसतं शैवाल उरलं. शैवाल काही वर्षांत परततं. बाकीच्यांना कित्येकदा दशकं लागतात.