मृत प्रियजनाचे पुनरागमन

मृत्यूने ताटातूट झालेल्या जोडप्यातील मृत व्यक्ती जिवंत जोडीदाराकडे काही काळ परत येते, असा लोककथा, कथागीते व ललित साहित्यातील कल्पनाबंध (पुन्हापुन्हा येणारी कथाकल्पना). मृताला मृत्यूच्या देवतेकडून सोडवून कायमचे परत आणण्याचा प्रयत्न (सावित्री, आदिपर्वातील रुरू व प्रमद्वरा, ग्रीक ऑर्फियस) हा याच्या जवळचा, पण वेगळा बंध होय. तेथे मृत्यूवर मात करण्याची धडपड असते; येथे मृत्यू मान्य असतो आणि प्रश्न उरतो तो मागे राहिलेल्या प्रेमाचा.

भेटीला मुदत असणे हे या कथांचे जुने लक्षण आहे. ट्रॉयच्या किनाऱ्यावर सर्वप्रथम उतरून मारला गेलेला ग्रीक वीर प्रोटेसिलाउस पत्नी लाओडामियाकडे तीन तासांसाठी परत येतो, असे हायजायनसच्या लॅटिन कथासंग्रहात आहे. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात व्यास युद्धात पडलेल्या वीरांना गंगेतून एका रात्रीपुरते वर बोलावतात. रात्र सरताच वीर परततात आणि ज्या विधवांना पतिलोकी जायचे असते त्या गंगेत प्रवेश करतात. या प्रसंगात भीतीचा लवलेशही नाही, ही गोष्ट युरोपीय कथांशी तुलना करताना ध्यानात ठेवावी लागते.

अश्रूंचा उपबंध : मागे राहिलेल्यांच्या अतिशोकाने मृताला पीडा होते, ही समजूत परस्परांपासून फार दूरच्या परंपरांत आढळते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायानुसार आप्तांनी ढाळलेले अश्रू व श्लेष्मा प्रेताला नाइलाजाने खावे लागतात; म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया कराव्यात. कालिदासाच्या रघुवंशाच्या आठव्या सर्गात पत्नी इंदुमतीच्या मृत्यूनंतर खचलेल्या राजा अजाला वसिष्ठांचा निरोप येतो : ‘स्वजनाश्रु किलातिसन्ततं दहति प्रेतमिति प्रचक्षते’ (स्वजनांचे अखंड अश्रू मृताला जाळतात, असे म्हणतात). ‘किल’ आणि ‘प्रचक्षते’ हे दोन्ही शब्द ‘असे म्हणतात’ याच अर्थाकडे झुकतात. कालिदासाने समजूत लोकांच्या तोंडची म्हणून नोंदवली आहे, स्वतःचे मत म्हणून नव्हे. अजाचे सांत्वन या समजुतीने होत नाहीच. मुलगा लहान म्हणून तो आठ वर्षे जगतो, मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो आणि नंदनवनात त्याला पत्नी पुन्हा भेटते.

आइसलँडच्या एड्डा या देव-वीरांच्या प्राचीन काव्यांत (हस्तलिखित सु. १२७०; काव्ये त्याहून जुनी असावीत) मृत वीर हेल्गी आपल्या थडग्याच्या टेकाडात पत्नी सिग्रूनला सांगतो, की तिचा प्रत्येक अश्रू त्याच्या छातीवर रक्त होऊन पडतो. तरीही ती तेथेच अंथरूण घालते. एका इंग्रजी कथागीतात बारा महिने आणि एक दिवस थडग्यापाशी बसलेल्या प्रियकराला मृत प्रेयसी विचारते, की मला झोपू का देत नाहीस. या गीताच्या नोंदी प्रामुख्याने १९व्या शतकातील आहेत. काही अभ्यासक ते मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत मागे नेतात. समान इंडो-युरोपीय मूळ सुचवणारे मत आकर्षक असले, तरी शोकाला मर्यादा घालण्याची गरज सर्वच समाजांना पडते, हे पाहता स्वतंत्र उगम अधिक संभवनीय वाटतो.

‘लेनोर’चा वाद : आधुनिक युरोपात हा बंध रुजवला तो जर्मन कवी ब्युर्गरच्या ‘लेनोर’ या कथागीताने (रचना १७७३). प्रागच्या लढाईवर (१७५७) गेलेला लेनोरचा प्रियकर विल्हेल्म परतत नाही. लेनोर देवाला दूषणे देते. मध्यरात्री घोडेस्वार येतो, तिला लग्नशय्येकडे म्हणून नेतो आणि दौड थडग्यापाशी संपते. १७९६ या एकाच वर्षी तिची अनेक इंग्रजी भाषांतरे निघाली, त्यांत वॉल्टर स्कॉटचेही होते. त्यानंतर ‘सफोकचा चमत्कार’ हे इंग्रजी कथागीत तिचे मूळ असल्याचा दावा पुढे आला. त्या गीतात मृत प्रियकराचे डोके दुखते म्हणून मुलगी त्याला आपला रुमाल बांधते आणि पुढे थडगे उघडल्यावर तोच रुमाल प्रेतावर सापडतो. ब्युर्गरकडे रुमाल नाही आणि सफोकच्या गीतात देवनिंदा नाही; त्यामुळे थेट उसनवारीचे मत टिकत नाही. पर्सीच्या इंग्रजी कथागीतांच्या संग्रहातील (१७६५) विल्यमच्या भुताच्या गीताचा जर्मन विचारवंत हेर्डरने केलेला जर्मन अनुवाद १७७३ मध्ये छापला गेला. त्याने कवीला उत्तेजन मिळाले असावे. गाभा मात्र मौखिक दिसतो. चांदणे लख्ख पडले आहे, मृत भरधाव दौडतात, तुला भीती वाटते का, अशा आशयाच्या ओळी जर्मन व स्लाव्ह कथनांतही मिळतात. लोककथाप्रकारांच्या आर्ने-थॉम्पसन-उथर सूचीत हा कथाप्रकार क्रमांक ३६५ आहे.

पूर्व आशियात चीनच्या १४व्या शतकातील एका कथेवरून जपानमध्ये रूढ झालेली, पिओनी फुलांचा कंदील घेतलेल्या दासीसह येणाऱ्या मृत प्रेयसीची कथा आणि चिनी लेखक फू सोंगलिंगच्या (१६४०–१७१५) भूतस्त्रियांच्या कथा प्रसिद्ध आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ (भुते व अतिमानवी घटक असलेल्या प्रेमकथा) हा लोकप्रिय कादंबरीप्रकार स्थिरावला. त्यातील शोककथांत बहुधा तिसरी, जिवंत व्यक्ती येते आणि नायिकेने नवे प्रेम स्वीकारावे की नाही, हा पेच भुताच्या निरोपाशी जोडला जातो. ‘लेनोर’सारख्या जुन्या कथांत मृत व्यक्ती जिवंताला थडग्याकडे ओढते. येथे तीच त्याला जगण्याकडे ढकलते. हा बदल मूलभूत आहे.

मानसशास्त्रात शोक म्हणजे मृतापासून हळूहळू सुटणे, ही फ्रॉइडची मांडणी (१९१७) दीर्घकाळ प्रमाण होती. १९९६ पासून ‘टिकून राहिलेले बंध’ (मृताशी असलेले नाते शोकानंतरही टिकते) ही कल्पना तिच्यासमोर उभी आहे. वेल्समधील डॉक्टर रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये दाखवले, की जवळजवळ निम्म्यांना मृत जोडीदार जवळ असल्याचा अनुभव आला होता. त्यांतील बहुतेकांना तो दिलासा देणारा वाटला आणि बहुतेकांनी तो तोवर कोणालाही सांगितला नव्हता.