'शंभर पावले': पडद्यामागचे घर

मार्को तुल्लियो जोर्दाना यांचा 'इ चेंतो पास्सी', म्हणजे शंभर पावले, हा चित्रपट २००० साली व्हेनिस महोत्सवात आला आणि पटकथेचे पारितोषिक मिळवून गेला. शीर्षकातली पावले सिसिलीतल्या चिनिसी गावची. माफियाविरुद्ध उभा राहिलेला नायक पेप्पीनो इम्पास्तातो याच्या घरापासून माफियाप्रमुख गाएतानो बादालामेंतीच्या घरापर्यंत तेवढेच अंतर. खरे तर तेवढेही नव्हते. माफिया घरच्याच पंगतीला बसत होता.

इटालियन सिनेमाने ही बाजू उशिरा पाहिली. १९४९ मध्ये पिएत्रो जेर्मींच्या चित्रपटातला माफियाप्रमुख शेवटी कायद्याची बाजू घेतो, शब्दाला जागणारा माणूस म्हणून. १९६२ मध्ये फ्रान्चेस्को रोझींनी सत्ता आणि माफिया यांचे साटेलोटे मांडले. घरातल्या घरात होणारा झगडा मात्र कडेलाच राहिला.

पेप्पीनो इम्पास्तातोचा जन्म १९४८ चा. वडील लुइजी माफियाच्या गोतावळ्यातले, फॅसिस्ट राजवटीत स्थानबद्धता भोगलेले. आत्याचा नवरा चेझारे मांझेल्ला हा तर गावच्या माफियाचा प्रमुखच. एप्रिल १९६३ मध्ये मोटारीतल्या बाँबस्फोटात तो मारला गेला, तेव्हा पेप्पीनो पंधरा वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याने मित्रांबरोबर एक छोटे नियतकालिक काढून माफियावर उघड लिहायला सुरुवात केली. बापाने त्याला घराबाहेर काढले. पुढे हाच बाप नातलगांना भेटायला अमेरिकेला गेला, आणि पेप्पीनोला मारायचे तर आधी मला मारावे लागेल, असे तिथे म्हणाल्याचे घरचे सांगत. सप्टेंबर १९७७ मध्ये मोटारीच्या धडकेत लुइजी गेले आणि पेप्पीनोच्या डोक्यावरचे उरलेसुरले छत्र हरपले.

त्याच वर्षी शेजारच्या तेर्रासिनीतून पेप्पीनो आणि मित्रांचा 'रेडिओ आउट' सुरू झाला होता. घटनात्मक न्यायालयाने १९७६ मध्ये स्थानिक प्रसारणावरची सरकारी मक्तेदारी मोडल्याने हे शक्य झाले. या केंद्रावर चिनिसीचे नाव 'माफियोपोली' झाले आणि बादालामेंतीचे 'तानो सेदुतो', म्हणजे बसलेला तानो. 'सिटिंग बुल' या अमेरिकेतल्या आदिवासी सरदाराच्या इटालियन नावावरची ही कोटी. ज्याचे नाव गाव दबक्या आवाजात घेते त्याला जाहीर हसणे, हे आरोपपत्रापेक्षा झोंबणारे. त्याआधी पुंता राइझी विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हाही पेप्पीनो त्यांच्या बाजूने उभा होता.

८ मेच्या रात्री, १९७८ साली, त्याला मारून देह पालेर्मो–त्रापानी रेल्वेरुळावर स्फोटकांनी उडवला गेला. दुसऱ्या दिवशी रोममध्ये, डाव्या अतिरेक्यांनी पळवून नेलेले माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडला. वर्तमानपत्रांत चिनिसीला जागा कुठली! तपासाचा सूर एकच होता: डाव्या पोराचा बाँब पेरताना स्फोट झाला, नाहीतर आत्महत्या. त्याने पूर्वी लिहिलेली एक निराश चिठ्ठी त्यासाठी पुरली. झडत्या झाल्या त्या मित्रांच्या घरांच्या. रक्ताचे डाग असलेले दगड शोधले तेही मित्रांनीच. पेप्पीनो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होता. काही दिवसांनी मतदारांनी मेलेल्या उमेदवाराला निवडून दिले.

चित्रपट अंत्ययात्रेपाशी थांबतो आणि तिथेच खरी उणीव राहते, कारण अर्धी लढाई पुढे आई फेलिचिया बार्तोलोत्ता यांनी लढली. त्यांनी आणि धाकटा मुलगा जोव्हान्नीने नातलगांशी संबंध तोडले. सूड नाकारून त्यांनी कोर्ट निवडले, तेही माफिया संघटनेचे सदस्यत्व हाच गुन्हा ठरवणारा कायदा नसताना. तो १९८२ मध्ये आला. न्यायाधीश रोक्को किन्निची यांनी या प्रकरणाला दिशा दिली, पण जुलै १९८३ मध्ये त्यांनाच मोटारबाँबने मारले. १९८४ मध्ये आंतोनिनो कापोन्नेत्तो यांच्या निकालाने हा माफियाचा खून ठरला, आरोपी अज्ञात. १९९२ मध्ये फाइल बंद झाली, नंतर माफियाच्याच एकाच्या जबानीवरून उघडली.

म्हणजे चित्रपट आला तेव्हा निकाल लागलेला नव्हता. बादालामेंतीचा साथीदार वीतो पालाझ्झोलोला ३० वर्षे मिळाली ती मार्च २००१ मध्ये, बादालामेंतीला जन्मठेप ११ एप्रिल २००२ ला. तो तेव्हा अमली पदार्थांच्या खटल्यात अमेरिकेतच तुरुंगात होता आणि एप्रिल २००४ मध्ये तिथेच मेला. फेलिचिया त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेल्या.