उघड्या गाडीत वारा मागूनच का मारतो? जाळीच्या पडद्याची पार्श्वभूमी

वणी-मारेगावच्या बाजूला प्रवासी वाहतुकीच्या काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या आडव्या सीटवर बसून आलेला माणूस उतरल्यावर चटकन ओळखू येत नसे. भुवया, मिशा, दुपट्टा, सगळ्यांवर धुळीचा एकच रंग. गाडी पुढे पळते, धूळ मागे उडते, मग ती आत येते कुठून? आता महिंद्राची सॉफ्ट-टॉप, म्हणजे कापडी टपाची थार जीप घेतलेली पोरं जवळपास हाच प्रश्न घेऊन गॅरेजला येतात. समोर एवढी मोठी काच आहे, तरी टप काढला की मानेवर वाऱ्याचे फटके बसतात. त्यावरचा उपाय म्हणजे पुढच्या सीटच्या मागे उभी बसवायची जाळी, अर्थात विंड डिफ्लेक्टर. थार आणि काळी-पिवळी, दोन्हींच्या दुखण्याचं मूळ एकच आहे.

काच हवा कापत जाते. काचेच्या वरच्या कडेवरून निसटलेला झोत सरळ मागे जातो आणि त्याच्याखाली, म्हणजे नेमका माणसं बसतात तिथे, हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला मागची हवा उलटी फिरून पुढे येते. पैनगंगेच्या पात्रात खडकामागे पाणी जसं माघारी वळतं, तसंच. काळी-पिवळीचा मागचा पडदा गुंडाळलेला असला की चाकांनी उडवलेली धूळ याच वाटेने आत खेचली जायची. काच जितकी उभी, तितका हा भोवरा जोरदार, आणि जीपच्या जातीच्या गाड्यांची काच तर जवळजवळ सरळ उभीच असते.

गंमत अशी, की मोटारी बनवणाऱ्यांनी कित्येक दशकं सगळा विचार समोरच्या वाऱ्याचाच केला. सुरुवातीच्या मोटारींना काचच नव्हती, लोक गॉगल आणि लांब कोट घालून बसत. मग काच आली. १९२०-३० च्या दशकांत बड्या लोकांच्या काही उघड्या गाड्यांत मागच्या सीटसमोर दुसरी काच बसवायची पद्धत होती, पण तीही अडवायची समोरून येणारा झोतच. आपल्याकडे उघडी गाडी आली ती चैनीसाठी नव्हे. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे हीच जीप सरकारी दौऱ्यांपासून पांदण रस्त्यांपर्यंत सगळीकडे फिरली. तिची काच बॉनेटवर पाडता यायची, टप ताडपत्रीचा. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, आणि ताडोबा, पेंच, मेळघाटच्या सफारीत पुढे तिचंच राज्य झालं. जंगलात गाडी हळूच चालते, त्यामुळे तिथे भोवऱ्याचा त्रास फारसा नाही. जानेवारीच्या पहाटे गेटपर्यंत डांबरी रस्त्याने सुसाट जाताना मात्र मागच्या सीटवरचे घोंगड्यात का गुरफटतात, ते वेगळं सांगायला नको.

मागच्या वाऱ्याकडे लक्ष गेलं ते जर्मनीत. १९८९ मध्ये मर्सिडीजची नवी एसएल ही उघड्या टपाची गाडी आली. गाडी उलटण्याच्या बेतात आली की सीटमागचा संरक्षक दांडा क्षणात आपोआप उभा राहायचा, त्याचं तेव्हा फार कौतुक झालं. त्याच गाडीसाठी सीटमागे लावायची एक साधी जाळीची चौकटही मिळू लागली. माझ्या मते उघड्या गाडीत बसणाऱ्याला रोजच्या रोज उपयोगी पडलेली चीज हीच. पुढे त्याच कंपनीने २००४ मध्ये मानेवर गरम हवा सोडणारी सीट आणली, २०१० मध्ये काचेच्या वरच्या कडेवर उचलली जाणारी पट्टी आणली. जाळी मात्र गेली नाही.

जाळीच का, पत्रा का नाही? पत्रा मागची हवा पूर्ण अडवतो, पण त्याच्या कडांवर नवे भोवरे तयार होतात, शिवाय आरशात मागचं काही दिसत नाही. जाळी थोडी हवा जाऊ देते, त्यामुळे झोताचा जोर मोडतो. काळ्या जाळीतून मागचंही बऱ्यापैकी दिसतं.

थारमध्ये ती बसवायला रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणाऱ्या सांगाड्याचा दांडा आयताच मिळतो. रबर लावलेल्या क्लॅम्पने चौकट आवळावी. वेल्डिंग करू नये: तापवलेला दांडा कमकुवत होऊ शकतो, आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. चौकटीची वरची कड साधारण कानाच्या उंचीपर्यंत यावी आणि खाली फट राहू नये. फट राहिली तर वारा तिथून कमरेवर येतो.

विदर्भातल्या उन्हात चौकट टिकते, आधी जातात ते प्लास्टिकचे क्लिप आणि शिलाईचा दोरा. उभ्या गाडीत मे महिन्यात क्लिप ठिसूळ होऊन तुटतात. त्यांच्या जागी पत्र्याची पट्टी आणि नट-बोल्ट चालतात. जाळी फाटली तर अख्खी चौकट बदलायची गरज नाही. चौकटीला खाच असेल तर खिडक्यांना मच्छरजाळी लावणारा कारागीर रबरी दोरी दाबून नवी जाळी तासाभरात ताणून देतो. खाच नसेल तर सीट कव्हर शिवणाऱ्याकडून पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवून घ्यावी, सुती दोरा उन्हा-पावसात कुजतो. नर्सरीवर टाकतात ती काळी शेडनेटही चालेल, फक्त विरळ विणीची घ्या, आणि मागच्या सीटवर माणसं बसवायची असतील तर चौकट आधी काढून ठेवा.